खाडेसरांचा तुलना गट

खाडेसर चहा नेहमी दोन कप मागवतात, एक आलं घातलेला आणि एक बिनआल्याचा. दोन्ही कप समोर ठेवायचे, या कपातून एक घोट, त्या कपातून एक घोट, आणि संपले की खिशातल्या वहीत दोन ओळी लिहायच्या. जामखेडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कोन पाहुनं येनार हाय का सर?"

"नाही. आल्यानं चहाला चव येते असं तुम्हीच म्हणालात ना? पण आलं नसतं तर तो कसा झाला असता, हे मला कळायला नको?"

"वंगाळ झाला असता की."

"हे तुमचं मत झालं," सर म्हणाले आणि त्यांनी बिनआल्याचा कप उचलला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता हॉटेलवाला न सांगता दोन कप आणून ठेवतो. आल्याबद्दलचा निष्कर्ष मात्र अजून निघालेला नाही. सरांच्या मते नमुना लहान आहे.

खाडेसर धंद्यानं मूल्यमापक. हा काय धंदा आहे, हे माझ्या आईला समजावून सांगता सांगता मी थकले, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगते. शाळेत एखादी नवी योजना येते. फीत कापतात, फोटो काढतात, टाळ्या वाजवतात आणि सगळे जेवायला जातात. सगळे गेल्यावर जो माणूस मागं राहतो आणि विचारतो, "पण यानं मुलांना काही आलं का? आणि योजना नसती तरी ते आलंच असतं का?" तो मूल्यमापक. अशा माणसाला पुढच्या वेळी जेवायला बोलावत नाहीत.

सर आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रिटायर झाल्यावर घरी बसायचं सोडून संस्थांसाठी हे काम करायला लागले आणि फिरत फिरत आमच्या संस्थेत आले. आमची संस्था छोटी, जामखेडच्या दोन खोल्यांत मावणारी. मी तिथं माहिती भरण्याचं काम करते. सर कागद आणतात, मी ते कॉम्प्युटरात चढवते आणि चढवताना एखादा आकडा चुकला की सरांना तो तीन खुर्च्या पलीकडून दिसतो. माणूस बारीक, शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक फक्त चाचणीच्या दिवशी वापरायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, तिकडंच सून-नातवंडं. सर इथं एकटे, भाड्याच्या खोलीत.

"नसतं तर?" हा त्यांचा लाडका प्रश्न, आणि तो कुठंही येतो. माझी मावशी एकदा नगरहून ऑफिसात आली होती. तिच्या मुलाला नोकरी लागली म्हणून देवीचा नवस फेडून, प्रसाद घेऊन. सरांनी सगळी हकिगत मन लावून ऐकली, हात जोडले आणि विचारलं, "त्याच्याबरोबर मुलाखतीला जे बाकीचे आले होते, त्यांच्यातल्या नवस न केलेल्यांचं काय झालं हो?" मावशीनं काढलेला प्रसादाचा पुडा परत पिशवीत ठेवला. अजून फोन केला की ती विचारते, "तो खडूस आहे का तिथं?"

लग्नाला गेले तर सर जेवून झाल्यावर हात धुवायच्या नळाशी जाऊन उभे राहतात, लोकांकडं पाठ करून. यजमानानं विचारलं तर सगळे जेवण झकास म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. हात धुताना माणूस खरं बोलतो. एकदा वधूच्या मामानं त्यांना "तुम्ही कुणाकडचे?" असं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "कुणाकडचाच नाही." पुढं काय झालं ते सरांनी सांगितलं नाही, पण त्या लग्नातून ते लवकर घरी आले होते.

मुलांच्या चाचण्या मात्र चेष्टेचा विषय नव्हता. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या. मूल न अडता ज्या पायरीपर्यंत पोचेल ती त्याची पातळी. गोष्टी सर स्वतः लिहायचे, कारण पुस्तकातली गोष्ट मुलांना पाठ असते आणि पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. रुसलेली कोंबडी, रस्ता चुकलेली शेळी, अशा कितीतरी. एका गोष्टीत जोडाक्षरं किती यावीत यावर दोन-दोन दिवस घालवायचे. "माझी गोष्ट एक मूल एकदाच वाचतं," असं ते जरा अभिमानानंच सांगायचे. असा लेखक महाराष्ट्रात दुसरा नसावा.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गावात गेले तेव्हा एक मुलगी 'झाड' या शब्दाशी अडली होती. मला काही तिचा चेहरा बघवेना. मी नुसती मान वळवून खिडकीबाहेरच्या लिंबाकडं पाहिलं. मुलीनं पण पाहिलं आणि "झाड!" म्हणाली. सरांनी शांतपणे तो कागद फाडला.

"उत्तर तोंडात घालू नका, शैलाताई."

"मी बोलले कुठं?"

"तुमच्या मानेला 'झाड' वाचता येतं. मुलीला नाही. नोंद करा."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात निम्मं गाव दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर जातं. पोरं कधी बरोबर जातात, कधी आजीपाशी राहतात, आणि कशीही असली तरी वाचनात मागं पडतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं त्यांच्यासाठी वाचनवर्ग काढले. गावातलीच एखादी बारावी झालेली मुलगी, तिला सगळे ताई म्हणायचे, रोज संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसायची. पुण्याच्या देणगीदारांनी सांगितलं, वर्षभर वीस गावांत वर्ग चालवा आणि बाकीच्या वीस गावांपेक्षा तिथली मुलं पुढं गेली का ते दाखवा. गेली असतील तर वर्ग चाळीसही गावांत. नसतील तर बंद. म्हणजे वर्ग राहणार की जाणार हे सरांच्या अहवालावर होतं आणि वीस ताया आमच्याकडं डोळे लावून बसल्या होत्या.

वर्ग कुठल्या गावांना द्यायचे? आमच्या संस्थेच्या प्रमुख वंदनाताई म्हणाल्या, सगळ्यात गरजू गावांना. सरांनी मान हलवली. "मग गरजू गावांची आणि बऱ्या गावांची तुलना होईल. निकाल काहीही आला तरी त्याचा अर्थ लागायचा नाही. चिठ्ठ्या टाका." वंदनाताई त्यांच्याशी तासभर भांडल्या. शेवटी चिठ्ठ्याच टाकल्या.

चाळीस शाळांचे मुख्याध्यापक ऑफिसात दाटीवाटीनं बसले होते. स्टीलच्या डब्यातून सर एकेक चिठ्ठी काढत होते आणि गावाचं नाव मोठ्यानं वाचून 'वर्ग' किंवा 'तुलना' असं सांगत होते. खडकवस्तीची चिठ्ठी निघाली तेव्हा ते जरा थांबले. चष्मा पुसला. चिठ्ठीवर आणखी काही लिहिलंय की काय अशी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "खडकवस्ती. तुलना."

खडकवस्तीचे मुख्याध्यापक उठून उभे राहिले. "म्हंजी आमाला काय भेटनार सर?"

"चाचणी."

"आन ती झाल्यावर?"

"वर्षाच्या शेवटी आणखी एक चाचणी."

सगळं ऑफिस हसलं. सर हसले नाहीत.

त्यानंतर सरांनी नियम केला. तुलना गटातल्या गावात चाचणीचा दिवस सोडून संस्थेच्या कुणीही पाऊल टाकायचं नाही. आपण तिथं गेलो, चार गोष्टी शिकवल्या, पुस्तकं वाटली, की झाली भेसळ. मग ते गाव 'वर्ग नसलेलं गाव' राहत नाही आणि सगळी तुलना पाण्यात. नियम टाइप करून त्यांनी प्रत्येकाची सही घेतली. स्वतःची सगळ्यात वर केली.

वर्ष गेलं. माणसं तोडीला गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली. अंतिम चाचणी सुरू झाली. खडकवस्ती माझ्या वाट्याला आली. तुलना गटातलं गाव, लवकर आटपेल, अशा हिशेबानं मी डबासुद्धा नेला नव्हता.

पहिली मुलगी आली, अक्षरं-शब्द-परिच्छेद झरझर संपवून गोष्ट वाचून मोकळी झाली. दुसरा मुलगा, तेच. तिसरा जरा रेंगाळला, पण पोचला. मी यादीवरचं गावाचं नाव पुन्हा तपासलं. चौथी एक तिसरीतली चिमुरडी होती, नाकात चमकी. ती गोष्टीतल्या एका जोडाक्षराशी अडली. मी सवयीनं काहीतरी म्हणणार, तोच तिनं हात वर करून मला थांबवलं.

"उत्तर तोंडात घालू नगा," ती म्हणाली. मग तो शब्द स्वतःच जुळवला आणि मला सांगितलं, "नोंद करा."

मी पेन खाली ठेवलं. जगात हे बोलणारा एकच माणूस मला माहीत होता.

ऑफिसात मी यातलं अक्षरही कुणाला सांगितलं नाही. फक्त आकडे चढवले. खडकवस्तीची मुलं वर्ग असलेल्या गावांनाही मागं टाकून गेली होती. वंदनाताई कपाळाला हात लावून बसल्या. "वर्ग नसलेलं गाव पुढं, मग वर्गाचा उपयोग काय, असंच पुण्याचे लोक म्हणणार. तिथल्या मास्तरांनी नक्की प्रश्न फोडलेत." सर कोपऱ्यात बसून होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका आकड्यावर काही विचारलं नाही.

त्या शनिवारी दुपारी मी गाडी काढली आणि कुणाला न सांगता खडकवस्तीवर गेले. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी पोरं मोकळी. पत्र्याच्या एका घरापुढं लिंबाच्या सावलीत सरांची जुनी लूना उभी होती. ओट्यावर एक म्हातारी पाटी मांडीवर घेऊन बसली होती, तिच्यासमोर सर, आणि आजूबाजूला पंधरा-वीस पोरं. चमकीवाली सगळ्यात पुढं.

सरांनी मला पाहिलं. खडू हातात तसाच राहिला. "भेसळ सापडली म्हणायची," ते म्हणाले.

"ह्या कोन?" म्हातारीनं विचारलं.

"ऑफिसातल्या ताई, आक्का."

"मंग उभ्या का? बसा की. मी च्या ठिवते. ह्यो माजा धाकला भाऊ. जगाचा मास्तर आसंल, पर माज्यापुढं आजून चड्डीतला हाय." आक्का पाटी पुसत उठल्या. "लई कडक हाय बरं का. कमळाचा क चुकला तर दोन येळा लिवाया लावतो, मोठ्या भैनीला!"

मला हसू आलं नाही. मी सरांना पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले आणि मनात होतं ते सगळं बोलले. वीस मुलींची वर्षभराची मेहनत, नियमावर घेतलेल्या आमच्या सह्या, आणि स्वतःच जाऊन असं करायचं. माझा आवाज चढला. सर ऐकत राहिले. मी दमल्यावर त्यांनी सांगितलं.

आक्का त्यांच्यापेक्षा दीड वर्षानं मोठ्या. शाळेत आधी त्या गेल्या. घरी आल्यावर चुलीतल्या कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून त्यांनीच सरांना शिकवलं. मग आणखी एक भाऊ झाला. आईबाप तोडीला निघाले आणि तान्ह्या पोराला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आक्काला नेलं. सरांना आजीपाशी शाळेत ठेवलं. दोन-तीन हंगाम असे गेल्यावर आक्काचं नाव शाळेतून कमी झालं, आणि पुढं आठवत होतं तेही पुसलं गेलं.

"एकच घर, एकच आई, एकच भाकरी," सर म्हणाले. "एकाला शाळा मिळाली, एकीला नाही. तुलना गट म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि पायाभूत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या चाचणीत ती माझ्या पुढं होती, शैलाताई. खूप पुढं होती."

टाकीचा नळ ठिबकत होता, मी तो घट्ट केला.

"जन्मभर लोकांच्या गावात जाऊन विचारत आलो, योजना नसती तर काय झालं असतं. आक्काला शाळा मिळाली असती तर काय झालं असतं, हे कुठल्या गावात जाऊन मोजू? मला ते फार बघायचं होतं. अजून बघायचं आहे." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "त्या दिवशी तिच्याच गावाची चिठ्ठी माझ्याच हातानं 'तुलना' निघाली. संध्याकाळी तिचा फोन. 'आमच्या गावाची चिट्टी न्हाई निघाली म्हनं. ऱ्हाऊ दे. आमी आपलं मागंच.' रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं."

"मग?"

"मग पुढच्या शनिवारी आलो. फक्त तिला शिकवायला. ती पासष्टीची, नमुना सहा ते अकरा वर्षांचा. म्हणजे नियमात बसत होतं."

मला त्या अवस्थेतही त्यांचं कौतुक वाटलं. चोरी करतानासुद्धा या माणसानं वयोगट तपासला होता.

"आणि पोरं?"

"पोरं आपणहून येऊन बसली. मी उठवली. दोनदा उठवली. ती भिंतीमागं बसून ऐकायला लागली. तिसऱ्यांदा उठवायला गेलो तर भिंतीमागून बाराखडी ऐकू आली." सर जमिनीकडं बघत होते. "शिक्षक होतो ना हो मी आधी."

सोमवारी सरांनी सगळं वंदनाताईंना स्वतः सांगितलं. वंदनाताई व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, गाव अहवालातून काढून टाकू आणि 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहू, कोण विचारतंय? सरांनी ऐकलं नाही. त्यांनी चाचणीच्या पेनानं टीप लिहिली आणि माझ्याकडं टाइप करायला दिली. ती मला पाठ आहे. 'खडकवस्ती हे गाव निष्कर्षातून वगळले आहे. कारण : तेथे मूल्यमापकाची बहीण राहते व मूल्यमापक दर शनिवारी तेथे शिकवत होता. चूक पूर्णपणे मूल्यमापकाची आहे. वर्ग चालवणाऱ्या ताईंचा यात काही दोष नाही.' खाली शिफारस होती, यापुढं हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. ते टाइप करताना माझे डोळे भरून आले आणि मी दोन चुका केल्या. सरांनी त्या तीन खुर्च्या पलीकडून दाखवल्या.

पुण्याची माणसं वाचून गंभीर झाली. पण बाकीच्या गावांतला फरक स्वच्छ दिसत होता. वर्ग चालू राहिले, चाळीसही गावांत. खडकवस्तीलाही ताई मिळाली. आणि शिफारशीप्रमाणे मूल्यमापनाचं काम सरांकडून गेलं. ऑफिसातली त्यांची खुर्ची रिकामी झाली. त्या दिशेनं कुणी माझे आकडे तपासत नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला करमत नाही. मी चुका तशाच ठेवून बघितल्या. कुणी काही बोललं नाही.

दोनेक महिन्यांनी सर ऑफिसात आले. मुलगा नागापूरला बोलवत होता, म्हणे, खोली सोडून कायमचे या. "पोरांना आता ताई आहे. राहिली आक्का. तिला गोष्ट वाचता आली की माझं इथलं काम संपलं, तसं मुलाला सांगितलंय. पण मी चाचणी घेतली तर ती खरी नाही. आक्का माझ्या तोंडाकडं बघून उत्तर ओळखते. तुम्ही घ्याल?"

शनिवारी आम्ही खडकवस्तीला गेलो. सोयाबीनची राखण करून आक्का नुकत्याच घरी आल्या होत्या. चाचणी घेताना ओळखीचा माणूस जवळ नको, म्हणून मी सरांना दूर जायला सांगितलं. ते टाकीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मी आक्कांपुढं कागद ठेवला. अक्षरं त्यांनी म्हटली. शब्द जुळवत जुळवत म्हटले. परिच्छेद आला तशा त्या अडल्या. इतक्या मोठ्यानं अडल्या की टाकीपाशी ऐकू जावं.

"पा... पा-व... काय हाय बाई हे? न्हाई येत! लई बारीक लिव्हलंय!"

सरांची पाठ जरा वाकली. मी कागदावर 'शब्द' अशी खूण केली.

आक्कांनी एकदा टाकीकडं पाहिलं. मग कागद माझ्या हातातून ओढून घेतला, उलटा केला, आणि मागची गोष्ट वाचायला लागल्या. हळू आवाजात, एकदाही न थांबता, जोडाक्षरांसकट. रस्ता चुकलेल्या शेळीची गोष्ट होती. संपल्यावर म्हणाल्या, "आसली येडी शेळी आमच्यात न्हाई. त्यानंच लिव्हली आसंल."

मी बघतच राहिले. "आक्का, तुम्हाला येतंय की सगळं!"

"हळू बोला. कवाचंच येतंय. दिवाळीपास्नं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्याला सांगू नगा. मी शिकले मनलं की त्यो जाईल पोराकडं. जावं बी. पर लहानपनी मी तोडीला आन त्यो साळंत. मोठेपनी त्यो गावोगाव परीक्षा घ्येत हिंडला. उभ्या जल्मात भाऊ असा समोर बसलाच न्हाई माज्या. आत्ता कुटं बसतोय. पोरं-सुना तोडीला गेल्यावर हितं मी आन शेरडं. शनवार हाय मनून हप्ता सरतो बाई."

"पण मला निकाल लिहायचा आहे."

"मंग लिव्हा की. अडली मनून लिव्हा. खोटं थोडंच हाय, अडलेच की मी. आयकलं न्हाई का तुमी?"

मी कागद घेऊन टाकीपाशी गेले. सर वळले. त्यांनी कागदाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"कुठवर?"

"शब्दापर्यंत. परिच्छेदाला अडतात." मग कुणी विचारलं नसताना मी म्हणाले, "गोष्टीपर्यंत जायला वर्ष तरी लागेल."

कुठला शब्द, किती वेळ, किती चुका, यातलं सरांनी काही विचारलं नाही. कागद घेतला आणि न वाचता घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढ्या वाईट निकालावर एवढा खूष झालेला माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी फोन काढला आणि मुलाला लावला. "अरे, या वर्षी काही जमायचं नाही. काम राहिलंय. हो, हो, बरंच राहिलंय."

फोन ठेवून ते घराकडं वळले आणि हाक मारली, "आक्का! पुढच्या शनिवारी परिच्छेद घेऊ!"

"लई अवघड आसतंय व्हय रं त्ये?" आतून आवाज आला.